थप आणि टक यांच्यामध्ये

दादा, तू गेलास त्याच्या तिसऱ्या दिवसापासून रोज सांजेला आलास, आणि रोज अर्धाच आलास.

पहिल्या दिवशी मी ओसरीत तांदूळ निवडत बसले होते. वहिनी चुलीपाशी होती. सातला पाचेक मिनिटं कमी असतील. तुझ्या खोलीतून आवाज आला. टक. मग थप. माझे हात सुपातच थांबले. पुढचं टक ऐकायची सवय कानांना वर्षानुवर्षांची, त्यामुळे मी वाट पाहत राहिले. ते आलंच नाही.

आतून वहिनी म्हणाली, "आयकलं का बाई?"

"उंदीर असन," मी म्हटलं.

"उंदीर घड्याळ पाहून येते काय?" एवढं म्हणून ती पुन्हा भाकरी थापायला लागली.

आपल्या घरात भूतखेत मानत नाहीत. आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा देव्हाऱ्याबरोबर भुतंही उंबऱ्याबाहेर काढली, असं तूच सांगायचास. त्यात मी सरकारी शाळेत विज्ञान शिकवते. दुसऱ्या दिवशी मी तुझ्या खोलीत आधीच जाऊन बसले. खिडकी लावली, पत्र्यावर काही लोंबत नाही ना ते पाहिलं, खाट हलवून पाहिली. लोखंडी कपाटाला कुलूप होतं आणि किल्ली वहिनीच्या कमरेला. बरोबर त्याच वेळी आवाज आला, टक, थप, आणि तो कपाटातूनच आला. मी कपाटाला कान लावून बराच वेळ उभी होते. आत काहीच हललं नाही. मला भीती वाटली दादा, खोटं कशाला बोलू? आणि भीतीच्या आधी तुझा राग आला. जायचं तर नीट जावं की माणसानं.

त्या कपाटात तुझी बंदूक आहे.

तिच्याबद्दल मी कधी कुणाशी बोलले नाही. शाळेत कुणाला सांगितलं की आमच्या घरी बंदूक आहे, तर लोक माझ्याकडे वेगळ्याच नजरेनं पाहतील, असं वाटायचं. गावानं तर पाहिलंच होतं. आजोबा निजामाच्या काळात तालुकदारसाहेबांच्या मागं त्यांची बंदूक आणि डबा घेऊन रान तुडवायचे. साहेब कायमचे निघून गेले, तेव्हा बंदूक आजोबांच्या हातात देऊन गेले, कागदासकट. गावच्या पटेलानं निरोप पाठवला, बंदूक आमच्याकडे आणून ठेव, तुमच्या वस्तीत शोभत नाही. आजोबांनी उलट निरोप धाडला, शोभते का नाही ते पाहायला या. कुणी आलं नाही.

गावात आणखी एकदोन दुनळ्या होत्या, पण त्यांच्या नळ्या शेजारी शेजारी, जुंपलेल्या बैलांसारख्या. आपली बेल्जियमची, एका नळीवर दुसरी नळी. तू म्हणायचास, "वरची सासू, खालची सून. आन आपल्या घरी सून आधी बोलते." असं म्हणून वहिनीकडे पाहून डोळा मारायचास. सून आधी का बोलते, हे तू मला मी आठवीत असताना समजावलं होतंस. खालची नळी खांद्याच्या रेषेत असते, धक्का सरळ मागं येतो, नळीचं तोंड वर उडत नाही, म्हणून दुसरा बार चुकत नाही. गतीचे नियम मला शाळेनं नंतर शिकवले. आधी तुझ्याकडून शिकले.

लोक जुनी वस्तू जुनी म्हणून जपतात. तू तिच्या खोडी जपायचास. नळी उघडायची वरची कळ नव्या बंदुकीत उजवीकडे झुकलेली असते, आणि सांधा झिजत गेला की वर्षावर्षानं मधोमध येते. तू दर नव्या वर्षी ती खिडकीच्या उजेडात धरून पाहायचास. "अजून उजवीकडंच हाय, म्हातारी नाही झाली." एका बाजूला कोरलेला तितर होता, तो तुझ्या अंगठ्यानं पुसत पुसत नुसती सावली उरला होता. दुसऱ्या बाजूचा कुत्रा मात्र अजून त्या तितराच्या वासावर आहे. आणि सगळ्यात तुला आवडायची ती तिची आठवण. बार उडालेलं काडतूस ती उघडताच खटकन बाहेर फेकते. न उडालेलं फेकत नाही, नुसतं जरा वर करून दाखवते. "मानसं इसरते, इले याद राह्यते," तू म्हणायचास.

पण तिचा चाप एकच. नळ्या दोन, काडतुसावर ठोका मारणारे आतले घोडे दोन, चाप एक. खालचा बार उडाला की त्याच्या धक्क्यानं आतला एक लहानसा तुकडा मागं सरकतो आणि तोच चाप वरच्या घोड्याला जाऊन जुळतो. धक्का नाही तर दुसरा घोडा नाही. म्हणून रिकाम्या बंदुकीत दुसरा घोडा पाडायचा तर तो धक्का माणसाला द्यावा लागतो. आतल्या कमानी, म्हणजे स्प्रिंगा, रात्रभर ताणलेल्या राहू नयेत म्हणून तू रोज सांजेला तिला तेलाच्या फडक्यानं पुसायचास, पितळेची दोन खोटी काडतुसं आत सारायचास, आणि घोडे उतरवायचास. चाप ओढला, टक. घडी केलेल्या पोत्यावर बंदुकीचा लाकडी दस्ता आपटला, थप. मग तू थांबायचास. बोट चापावरून काढून हवेत ताठ धरायचास, मान जराशी कलती करून. एक, दोन, तीन म्हणता येईल एवढा वेळ. मग पुन्हा चाप, आणि शेवटचं टक.

तो थांबा कशाला, हे मी तुला कधी विचारलं नाही. मला वाटायचं, दम खातोस.

या बंदुकीनं आपल्या घरात एकही जीव मारला नाही. पंचशील म्हणणाऱ्या घरात बंदूक, म्हणून लोक हसायचे. तू म्हणायचास, ही ओरडायला आहे, मारायला नाही. रानडुकरं पिकात शिरली की आभाळात बार, आणि डुकरं नाल्यापार. तिनं आपल्या हयातीत रक्त काढलं ते फक्त तुझं. आणि तेव्हा ती माझ्या हातात होती.

मी सोळा वर्षांची होते, तू चोवीसचा. निवडणुकीसाठी बंदूक दीड महिना ठाण्यात जमा होती आणि त्याच दुपारी तू ती सोडवून आणली होतीस. अजून पिशवीतून काढलीही नव्हतीस, तोच शेजारचा हाका मारत आला, डुकरं तुरीत शिरली. मी तुझ्या मागं मागं. कितीतरी दिवस तुझ्या मागं लागले होते, एकदा मला उडवू दे. त्या दिवशी शेताच्या धुऱ्यावर उभं राहून तू ती माझ्या खांद्याला लावलीस. "वर पाह्य, आन ओढ."

मी ओढला. पहिला बार आभाळात गेला. धक्क्यानं माझा तोल गेला, नळ्या खाली आल्या, आणि दुसरा बार तुझ्या डाव्या पायापाशी फुटला. पाय फाटलेला, आणि तू आधी माझ्या हातून बंदूक घेऊन उघडलीस. काडतुसांची दोन्ही टरफलं माझ्या खांद्यावरून मागं उडाली. उडालेलं ती फेकते. दोन्ही फेकली. मग तू खाली बसलास आणि पहिलं वाक्य बोललास ते हे, "आयक, हे माह्या हातानं झालं. तू घरीच होती."

तेच वाक्य तू बाबांना सांगितलंस, दवाखान्यात सांगितलंस, ठाण्यात सांगितलंस. तुझी पायाची दोन बोटं गेली. जंगल खात्याच्या भरतीची धावण्याची परीक्षा पंधरा दिवसांवर होती. तुला पळताना पाहिलेल्या कुणालाही तिचा निकाल सांगता आला असता. तू त्या दिवशी घरी अंथरुणावर होतास आणि मी भिंतीकडे तोंड करून पुस्तक धरलं होतं. पुढं तू बाजारहत्नूरला फवारणीचे पंप आणि शिलाई मशिनी दुरुस्त करायचं दुकान टाकलंस, आणि मला शिकायला आदिलाबादला पाठवलंस.

बरं वाटल्यावर तू पहिल्यांदा म्हणालास, "तू एकदाच चाप ओढला. दुसरा आपोआप गेला." मी म्हटलं, असं कसं होईल? तू बंदूक पुसून, तेल देऊन, आदिलाबादहून जुना मिस्त्री आणून दाखवलीस. त्यानं दहादा घोडे पाडून पाहिले आणि म्हणाला, पक्के आहेत, आपोआप पडायचं कामच नाही. झालं. त्या दिवसापासून तुझ्या त्या वाक्याला मी समजूत म्हणू लागले. लहान बहिणीनं जन्मभर कुढू नये म्हणून मोठ्या भावानं बोललेलं खोटं. आणि माझं बोट मला आठवत होतं ना. घाबरलेल्या हातानं मी पुन्हा ओढला, ते मला झोपेतसुद्धा जाणवायचं. आता विचारशील तर ती आठवण खरंच त्या दिवसाची आहे की नंतर मीच घडवली, हे मला सांगता येणार नाही.

चाळीस वर्षं आपण यावर भांडलो. दिवाळीला भांडलो, जयंतीच्या मिरवणुकीवरून येताना भांडलो. तू काही फार मागत नव्हतास. "एकदा म्हन ना, मी एकदाच ओढला." मी म्हणायची, जे खरं नाही ते मी म्हणणार नाही. तू चिडायचास. "मास्तरीन झाली म्हनून लय खरं-खोटं कळते तुले!" लंगडत उठून खोलीत जायचास, आणि थोड्या वेळानं आवाज यायचा. टक. थप. टक.

दवाखान्यात शेवटच्या आठवड्यात तू पुन्हा तोच विषय काढलास. नाकात नळी होती, बोलायला त्रास होत होता. "म्हन ना आता तरी." मला रडू येत होतं आणि तरी मी म्हटलं, "दादा, पुरावा दे. मग म्हणीन." असल्या वेळी कुणी असं बोलतं का? मी बोलले. तू हसलास, रागावला नाहीस. डोळे मिटून म्हणालास, "देतो."

तिसऱ्या दिवशी तू गेलास. एक शब्द होता, तो मला देता आला असता. माणसं मरणाऱ्याला पाण्याचा घोट देतात. मी तुझ्याकडे पुरावा मागितला.

ठाण्यातून निरोप आला होता, परवानाधारक वारले, तर सोमवारी बंदूक आणून जमा करा. म्हणून काल, रविवारी, दिवे लागायच्या जरा आधी मी वहिनीकडून किल्ली घेतली. म्हटलं, न्यायच्या आधी तुझ्यासारखे घोडे उतरवून ठेवावेत. वहिनी दाराच्या चौकटीला टेकून उभी राहिली. बंदूक कपाटाबाहेर असताना ती कधी त्या खोलीत येत नाही.

कपाट उघडलं तर कसला तरी आंबूस, जुनाट वास आला. वास ओळखीचा होता, पण कुठला ते आठवेना. दोन महिने दवाखाना आणि माझं घर यातच गेले होते, बंदुकीला कुणाचा हात लागला नव्हता. तेल सुकून चिकट, तपकिरी झालं होतं. वरची कळ पाहिली. मधोमध होती, दादा. तू नव्या वर्षाला उजवीकडे आहे म्हणाला होतास.

मी ती उघडली. पितळेची काडतुसं आतच होती. खालचं खटकन उडून माझ्या खांद्यावरून मागं गेलं आणि फरशीवर वाजलं. वरचं नुसतं थोडं वर आलं आणि तिथंच थांबलं.

उडालेलं ती फेकते. म्हणजे खालचा घोडा पडलेला होता, वरचा नाही. मी वहिनीकडे वळले. "दादाले त्रास झाला तेव्हा तो काय करून राह्यला होता?"

"हेच," ती म्हणाली. "बंदूक घेऊन बसला होता. टक झालं, थप झालं. मंग आवाज नाही आला म्हनून मी पाह्यलं तं छाती धरून वाकला होता. मीच उचलून ठेवली कपाटात. पहिल्यांदा हात लावला म्या तिले."

दोन महिने वरचा घोडा ताणलेलाच होता. तू जिथं थांबला होतास तिथंच ती थांबून राहिली होती, आणि रोज सांजेला आम्हाला तेवढंच ऐकू येत होतं. मी विज्ञानाची शिक्षिका, याच्यापुढं मला काही समजावता येत नाही. मी समजावणारही नाही.

मी पोतं घडी करून खाली घातलं. दोन्ही काडतुसं परत आत सारली, बंद केली. तुझ्यासारखी खाटेवर बसले. चाप ओढला. टक. बोट काढलं, तुझ्यासारखंच हवेत ताठ धरलं. दस्ता पोत्यावर आपटला. थप.

टक.

माझं बोट हवेत होतं. चापाला कुणाचाही स्पर्श नव्हता. वरचा घोडा आपोआप पडला होता.

मी बंदूक उघडली. दोन्ही काडतुसं माझ्या खांद्यावरून मागं उडाली, धुऱ्यावर उडाली होती तशीच. पुन्हा भरली, पुन्हा केलं. टक, थप, आणि थप संपायच्या आत टक. तिसऱ्यांदाही तेच. तेव्हा तो वास कुठला ते आठवलं. त्या दुपारी ठाण्यातून आलेल्या पिशवीला हाच वास येत होता. दीड महिना मालखान्यात पडून तेल असंच सुकलं होतं. घोड्याला अडवून धरणारं आतलं नख त्या चिकट्यामुळं खाचेत पुरतं बसत नव्हतं, आणि पहिल्या बाराच्या धक्क्यानं निसटलं. मिस्त्री आला तोवर तू तिला लखलखीत पुसून, तेल देऊन ठेवली होतीस. तिथंच आपलं चुकलं. त्या दिवशी न पुसता नेली याचं तुला एवढं लागलं की नंतर एक सांज तू तिला कोरडी ठेवली नाहीस. चाळीस वर्षं रोज तू पुरावा शोधत होतास, आणि शोधायच्या आधी रोज तेलाच्या फडक्यानं तोच पुसत होतास.

आता मला तो थांबा कळला. थप झाल्यावर बोट हवेत धरून तू दम खात नव्हतास. ती आपोआप पडते का, याची वाट पाहत होतास. रोज. माझ्यासाठी.

मला ते वाक्य म्हणायचं होतं. ते म्हणायच्या आधीच रडू आलं. खाटेवर बंदूक मांडीवर घेऊन मी नुसती रडत बसले. बंदूक बाहेर असतानाही वहिनी आत आली, माझ्या शेजारी बसली. बाहेर अंधारून आलं, सात वाजून गेले. आम्ही दोघी कान देऊन होतो. काही वाजलं नाही. मग वहिनी उठली आणि तुझ्या फोटोपुढची मेणबत्ती लावून म्हणाली, "झालं वाटते त्याचं."

मी बंदुकीला तेल दिलं नाही, मुद्दाम.

आज सकाळी ठाण्यात गेले. टेबलावर बसलेला जवान माझ्या विद्यार्थ्यांच्या वयाचा होता. त्यानं परवाना पाहिला, आकडे जुळवले, रजिस्टर उघडलं आणि तेलुगूत विचारलं, "इदि पनि चेस्तुंदा, मॅडम?" चालते का ही? तो उत्तराची वाट न पाहता चालते असं लिहायला लागला होता. मी म्हटलं, थांबा, तिच्यात दोष आहे, तो लिहा. तो वैतागला. मी खोटी काडतुसं घातली आणि बंदूक त्याच्याच हातात दिली. एकदाच ओढा, म्हटलं. बोट काढा. आता दस्ता खाली आपटा.

टक.

तो दचकून मागं सरला. स्वतःच्या बोटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मग खाली बसून त्यानं लिहिलं, पहिल्या बाराच्या धक्क्यानं वरचा घोडा आपोआप पडतो. लिहून झाल्यावर विचारलं, हे केव्हापासून आहे?

"चाळीस वर्षांपासून."

"तुम्हाला कसं माहीत?"

दादा, तिथं पंखा खडखडत होता, बाकावर दोन माणसं बसली होती, आणि मला त्या पोराला साधं उत्तर द्यायचं होतं.

"तेव्हा ती माझ्या हातात होती," मी म्हटलं. "मी एकदाच चाप ओढला होता."

त्यानं तेही लिहून घेतलं, आणि रजिस्टर माझ्याकडे फिरवलं. मी खाली सही केली.